नव्या डिझायनर आउटलेट मॉलमध्ये पहिल्यांदा जाताना: घरच्या तयारीपासून बिलापर्यंत

डिझायनर आउटलेट मॉल, म्हणजे मोठ्या ब्रँडचा माल सवलतीत विकणाऱ्या दुकानांचा मॉल, पहिल्यांदा बघायला निघालेल्या माणसाची तयारी बहुतेक वेळा गाडी कुठे लावायची आणि किती वाजता पोहोचायचं एवढ्यावर थांबते. ती तयारी हवीच. पण पैसे वाचतात किंवा हकनाक जातात ते वेगळ्याच क्षणी, टॅगवरची खोडलेली किंमत आणि तिच्याखालची लाल किंमत वाचताना. त्या वेळी नीट विचार करता यावा, म्हणून आधीची आणि नंतरची कामं कशी उरकायची ते क्रमाने सांगतो. काही भाग लांब झाले आहेत, कारण नवख्या माणसाची गडबड तिथेच जास्त होते.

## १. आधी माल कुठून येतो ते समजून घ्या

कारखान्यात उरलेला किंवा किरकोळ खोट असलेला माल तिथल्या तिथे स्वस्तात विकायचा, अशी आउटलेटची सुरुवात झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग शहरात १९७० च्या दशकात अशी दुकानं एका जागी येऊ लागली. न्यूयॉर्कपासून साधारण ८० किलोमीटरवरचं वुडबरी कॉमन हे आउटलेट केंद्र १९८५ मध्ये उघडलं. इंग्लंडमधली चेशर ओक्स आणि बिस्टर व्हिलेज ही दोन्ही १९९५ ची, इटलीतलं सेराव्हाले आणि जपानमधलं गोतेम्बा २००० सालचं. यातली बरीचशी मोठ्या शहरापासून लांब आहेत, आणि ते मुद्दाम. शहरातल्या पूर्ण किमतीच्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटू नये, हा त्यामागचा हिशोब.

आज अशा दुकानात तीन प्रकारचा माल शेजारी शेजारी टांगलेला असतो.

पहिला, ब्रँडच्या मुख्य (पूर्ण किमतीच्या) दुकानात मागच्या हंगामात न खपलेला. हा खरा डिझायनर माल, फक्त वेळ उलटून गेलेला. दुसरा, किरकोळ खोटीचा: टाका सुटलेला, रंगात फरक पडलेला, कुणीतरी परत केलेला. तिसरा, खास आउटलेटसाठीच बनवलेला. नाव तेच, पण कापड, अस्तर, बटणं आणि शिवण अनेकदा हलकी. मुख्य दुकानात तो कधी ठेवलेलाच नसतो.

तिसऱ्या प्रकाराला नावं ठेवायची नाहीत. रोज वापरायचा साधा टी-शर्ट किंवा मोजे म्हणून तो चांगला असतो आणि टिकतोही. पण त्याच्या टॅगवरच्या ‘मूळ’ किमतीला काही अर्थ नसतो, कारण त्या किमतीला तो कुणी विकत घेतलेलाच नसतो. ही वस्तू तिघांपैकी कुठली, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारा. तेवढी सवय लागली की बाकीचं पुष्कळ सोपं होतं.

## २. उद्घाटनाच्या आठवड्यात जायचं का?

माझं मत: ठराविक ब्रँडची ठराविक वस्तू हवी असेल आणि तुमचं माप लवकर संपणारं असेल, म्हणजे खूप लहान किंवा खूप मोठं, तरच. नुसतं बघायचं असेल तर महिना-दीड महिना थांबा.

नव्या मॉलमध्ये सुरुवातीला सगळी दुकानं उघडलेली नसतात. जाहिरातीत ज्यांची नावं मोठ्या अक्षरांत आहेत, त्यांतल्या काहींच्या काचेवर ‘लवकरच’ असा कागद दिसतो. म्हणून मॉलच्या वेबसाइटवर ‘सध्या सुरू’ असलेल्या दुकानांची यादी वेगळी बघा. तुम्ही ज्या दोन-तीन दुकानांसाठी जाणार ती यादीत नसतील, तर बेत पुढे ढकला. फोनवरचा नकाशाही या काळात दगा देतो. तो कधी बांधकामाच्या वेळच्या फाटकाशी नेऊन सोडतो, कधी मालाच्या गाड्या जातात त्या मागच्या रस्त्याला. पार्किंगचं प्रवेशद्वार कोणत्या रस्त्यावर आहे, हे मॉलच्या स्वतःच्या नकाशावर पाहून घ्या.

दिवस निवडताना आठवड्याच्या मधला वार आणि दुकानं उघडायची वेळ गाठा. सकाळी कपड्यांच्या घड्या जागेवर असतात, ट्रायल रूम रिकामी असते आणि विक्रेत्याला तुमच्याशी बोलायला सवड असते. आणखी एक, मुख्य दुकानांमधला हंगामाअखेरचा सेल संपला की उरलेला माल पुढच्या काही आठवड्यांत आउटलेटकडे येतो. पहिल्या प्रकारचा माल हवा असेल तर तो काळ चांगला.

## ३. घरी बसून करायचं काम

हे एका संध्याकाळी होतं. टाळू नका.

यादी करा. ‘काही चांगलं दिसलं तर’ असं लिहू नका, ‘काळा चामड्याचा पट्टा, ३ सेंटिमीटर रुंद’ असं लिहा. प्रत्येक वस्तूपुढे तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल तो आकडा टाका. टॅग बघण्याआधी हा आकडा कागदावर असला पाहिजे. समोर मोठी खोडलेली किंमत आली की तिच्या तुलनेत कुठलीही किंमत लहानच वाटते, मग तेव्हा ठरवलेल्या आकड्याला आधार राहत नाही.

मापं सेंटिमीटरमध्ये लिहा: छाती, कंबर, नितंब, खांदा, बाहीची लांबी, पायाची लांबी. इटलीचं ४८, फ्रान्सचं ४८ आणि अमेरिकेचं ३८ यांचा मेळ प्रत्येक ब्रँडमध्ये वेगळा लागतो, आणि आउटलेटसाठी शिवलेल्या मालाचं बेतणं मुख्य दुकानातल्यापेक्षा वेगळं असू शकतं. जो शर्ट अंगाला उत्तम बसतो, तो सपाट पसरून त्याची मापं घेऊन ठेवा. हे शरीराच्या मापापेक्षाही उपयोगी पडतं.

यादीतल्या महाग वस्तूंची आजची किंमत ब्रँडच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. सेलच्या पानावरही नजर टाका. कधी कधी तीच वस्तू तिथे आउटलेटच्या किमतीतच मिळत असते, मग एवढ्या लांब जायचं कारण उरत नाही.

## ४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं आणि पैसे:
- ओळखपत्र. सवलतीचं सदस्यत्व घेताना किंवा नंतर वस्तू परत करताना मागतात.
- परदेशात असाल तर मूळ पासपोर्ट. खरेदीवरचा कर परत मिळवायला (करपरतावा) फोटो किंवा झेरॉक्स अनेक ठिकाणी चालत नाही.
- दोन वेगळी कार्डं. रोजची खर्चमर्यादा आदल्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपमध्ये तपासा.
- मॉलच्या सदस्यत्वाचा क्यूआर कोड, स्क्रीनशॉट करून. गर्दीत नेटवर्क जातं तेव्हा अ‍ॅप उघडत नाही.

इतर वस्तू: मापाची टेप, चार्ज केलेली पॉवर बँक, पाण्याची बाटली, घडी होणारी मोठी पिशवी. बूट घ्यायचे असतील तर ज्या मोज्यांवर ते घालणार ते मोजे. पँट किंवा ड्रेस घ्यायचा असेल तर त्याखाली घालायची पादत्राणंही, लांबीचा अंदाज त्याशिवाय येत नाही. स्वतः मात्र पटकन काढता-घालता येतील असे कपडे आणि सवयीचे बूट घाला. बहुतेक आउटलेट म्हणजे उघड्यावरचे लांबलचक रस्ते असतात, चालणं भरपूर होतं.

## ५. पोहोचल्यावर

गाडी लावली की खांबाचा किंवा विभागाचा क्रमांक दिसेल असा फोटो काढा. पार्किंगचं तिकीट पाकिटात, हातात नको. खरेदीच्या बिलावर पार्किंग माफ होतं का, हे चौकशीच्या खिडकीवर आधीच विचारा, कारण अशी सोय असेल तर तिकिटावर शिक्का अनेकदा दुकानातच घ्यावा लागतो.

त्याच खिडकीवर पहिल्या भेटीची कूपन पुस्तिका किंवा अतिरिक्त सवलतीचं कार्ड आहे का तेही विचारा. नव्या मॉलमध्ये असं काहीतरी असण्याची शक्यता बरीच, आणि मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

मग नकाशा. मोठ्या नावांची दुकानं बहुतेकदा लांबच्या टोकांना ठेवलेली असतात, म्हणजे तिथवर जाताना मधली सगळी दुकानं तुमच्या वाटेत यावीत. तुम्ही उलट करा. सर्वांत महाग आणि यादीत सर्वांत वर असलेल्या वस्तूचं दुकान आधी. मोठ्या ब्रँडच्या दारात रांग असते, कारण आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. काही ठिकाणी क्यूआर स्कॅन करून रांगेत नाव लावता येतं. ते पोहोचताक्षणी लावून टाका आणि तेवढ्या वेळात शेजारची दुकानं बघून घ्या.

पहिल्या फेरीत काही विकत घ्यायचं नाही, हा नियम अनेकजण सांगतात. मला तो अर्धवट पटतो. यादीतली वस्तू, तुमचं माप आणि ठरवलेल्या आकड्याच्या आतली किंमत हे तिन्ही जुळलं तर लगेच घ्या, कारण अशा दुकानात एका मापाचा एकच नग असू शकतो. यादीत नसलेल्या कुठल्याही गोष्टीसाठी मात्र दुसरी फेरी सक्तीची.

## ६. टॅग कसा वाचायचा

टॅगवरची वरची किंमत कधी ‘मूळ किंमत’ म्हणून असते, कधी ‘तुलनात्मक किंमत’, तर कधी ‘शिफारस केलेली किंमत’. पहिली ऐकायला भक्कम वाटते, बाकीच्या दोन मोघम आहेत. वस्तू खरंच त्या किमतीला कुठे विकली गेली होती का, हे त्यावरून कळत नाही.

हा वाद जुना आहे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या चार लोकप्रतिनिधींनी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला (ग्राहकहितावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला) पत्र लिहून आउटलेटमधल्या किमतींच्या दाव्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. २०१५ मध्ये मायकेल कॉर्स या फॅशन कंपनीने ग्राहकांचा एक खटला सुमारे ४८.८ लाख डॉलर देऊन मिटवला. आउटलेटसाठीच बनवलेल्या वस्तूंवर कधीच न लावलेली किंमत ‘शिफारस केलेली’ म्हणून छापली, असा त्यात आरोप होता. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार दुकानदाराने सूट जाहीर केली, तर आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत ‘पूर्वीची किंमत’ म्हणून दाखवावी लागते. त्यामुळे तिथे फसगत कमी होते, पण हा नियम दुकानाच्या स्वतःच्या पूर्वीच्या किमतीबद्दल आहे. उत्पादकाच्या शिफारशीची किंमत शेजारी छापलेली असेल, तर ती वेगळी गोष्ट.

आता प्रत्यक्ष काय बघायचं ते सांगतो.

वस्तूच्या आतल्या पट्टीवर किंवा टॅगवर मॉडेल क्रमांक असतो. तो फोनवर ब्रँडच्या नावासह शोधा. मुख्य दुकानाच्या जुन्या पानांवर, फॅशनच्या बातम्यांत किंवा मोठ्या दुकानांच्या यादीत ती वस्तू सापडली, तर ती पहिल्या प्रकारची. फक्त आउटलेटच्याच पानांवर दिसली, तर बहुधा तिसऱ्या.

काही ब्रँड तर खूणच करतात. जे. क्रूच्या फॅक्टरी मालावर नावाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखे दोन ठिपके असतात. गॅप फॅक्टरीच्या पट्टीवर तीन लहान चौकोन दिसतात. अशा खुणा बदलत राहतात, म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा: ‘हे तुमच्या मुख्य दुकानात होतं का, की इथल्यासाठीच बनवलंय?’ मला बहुतेक ठिकाणी प्रामाणिक उत्तर मिळालं आहे. हा प्रश्न विचारायला लाजू नका, विक्रेत्यांना त्याची सवय असते.

कापलेली पट्टी किंवा पट्टीवर मारलेली शाईची रेघ ही बहुधा खोटीच्या मालाची खूण. खोट नेमकी कुठे आहे ते दाखवायला सांगा.

सवलतीवर आणखी सवलत असेल तर बेरीज करू नका. ‘४० टक्के, त्यावर आणखी ३० टक्के’ म्हणजे ७० टक्के होत नाहीत. १०० चे ६० होतात, आणि ६० वर ३० टक्के गेले की ४२ उरतात. म्हणजे एकूण सूट ५८ टक्के. ‘तीन घेतल्यास’ अशी पाटी असेल तर एकाच वस्तूची किंमत काढा आणि तिसरी खरोखर हवी होती का ते यादीत बघा.

## ७. घेण्याआधी तपासणी

इथे घाई करू नका. वस्तू उजेडात, शक्य असेल तर काचेजवळ न्या.

बूट. सर्वांत जास्त काळजी इथे हवी. अनेक स्पोर्ट्स शूज आणि ट्रेकिंगच्या बुटांच्या तळव्याचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या ओलाव्यामुळे तो वर्षांनुवर्षं हळूहळू विघटित होत जातो, बूट खोक्यात पडून असला तरी. जुन्या साठ्यातला कोराकरकरीत बूट चार दिवसांत तळव्यातून भुसभुशीत होऊ शकतो. अंगठ्याने थर दाबा, बूट वाकवा. चिरा, चिकटपणा किंवा पावडर दिसली तर ठेवून द्या. आतल्या पट्टीवर बनवल्याची तारीख असेल तर ती वाचा. दोन्ही पायांची मापं एकच आहेत ना ते पाहा, गर्दीत जोड्यांची अदलाबदल होते. दोन्ही बूट घालून कठीण फरशीवर चाला, गालिच्यावर सगळेच बूट मऊ लागतात.

बॅग. चेन पूर्ण उघडा आणि लावा, तीन-चारदा. बंदाची दोन्ही टोकं जिथे शिवली आहेत तिथे टाके सारखे आणि घट्ट हवेत, सगळं वजन तिथेच पडतं. चामड्याच्या कडेला लावलेला रंग भेगाळला आहे का ते वाकवून बघा. बॅग टेबलावर ठेवा, तिरकी उभी राहिली तर शिवणीत वाक आहे. आतला कागद काढून अस्तर चाचपा.

कपडे. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर ती लवकर उसवेल. चौकड्या किंवा पट्टे शिवणीवर जुळतात का, काजांचे धागे सुटले आहेत का, जास्तीचं बटण दिलंय का, आत उलटून शिवणीला किती कापड सोडलंय, यावरून शिलाईचा दर्जा कळतो. कोटाची छाती चिमटीत धरा. वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये तिसरा सुटा थर बोटांना जाणवला तर आत कॅनव्हास (वेगळं शिवलेलं आधाराचं कापड) आहे. सगळं एकजीव कडक लागलं तर थर चिकटवलेले आहेत, आणि ते काही धुलाईनंतर फुगू शकतात. पावसाळी जॅकेट उलटं करा. शिवणीवरच्या पट्ट्या सुटत असतील किंवा आतला थर पापुद्र्यासारखा निघत असेल, तर किंमत कितीही कमी असो, नको.

बाकी वस्तूंचं थोडक्यात. चिनी मातीचं भांडं बोटाने टिचकी मारून ऐका, बद्द आवाज आला तर तडा आहे. प्रवासी बॅग चारही चाकांवर रिकामी ढकला. क्रीम आणि अत्तरावर बनवल्याची किंवा संपण्याची तारीख शोधा. उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असेल तर उघडल्यापासून १२ महिने. घड्याळाला हमीपत्र शिक्क्यासह हवं.

## ८. पैसे देताना

कार्ड काढण्याआधी चार गोष्टी विचारा. वस्तू परत घेता का, की फक्त बदलून देता? किती दिवसांत? शहरातल्या मुख्य दुकानात बदलून मिळेल, की इथेच यावं लागेल? खोटीच्या मालावर काय नियम? आउटलेटचे नियम अनेकदा मुख्य दुकानापेक्षा कडक असतात, आणि ‘अंतिम विक्री’ लिहिलेली वस्तू सहसा परत होत नाही. नव्या मॉलमध्ये कर्मचारीही नवे असतात, त्यामुळे तोंडी उत्तरावर विसंबू नका, बिलाच्या मागच्या बाजूला छापलेलं वाचा.

बिल काउंटरवरून हलण्याआधी तपासा. कूपन लागलंय का, प्रत्येक वस्तूची किंमत टॅगप्रमाणे आहे का. थर्मल कागदावरची (उष्णतेने छापलेल्या बिलावरची) अक्षरं काही महिन्यांत उडू शकतात, लगेच फोटो काढा. महाग बॅग घेतली असेल तर कापडी पिशवी आणि हमीपत्र मागून घ्या.

परदेशी कार्ड असेल आणि यंत्राने ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारलं, तर इथल्या चलनाचं बटण दाबा. तुमच्या चलनात रूपांतर करताना दुकानाला कार्डयंत्राची सेवा देणारी कंपनी जो दर लावते, तो बहुतेक वेळा बँकेपेक्षा महाग पडतो.

## ९. परदेशात असाल तर करपरतावा

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला तिथे मूल्यवर्धित कर परत मिळू शकतो. किमान खरेदीची रक्कम देशागणिक बदलते, म्हणून दुकानातच विचारा. फॉर्म बिल करतानाच भरून घ्या, नंतर सहसा देत नाहीत. वस्तू खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत संघाबाहेर गेली पाहिजे, आणि संघातल्या शेवटच्या विमानतळावर कस्टम्सची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून सामान चेक-इन करण्याआधी त्या खिडकीवर किंवा यंत्रावर जा, अधिकारी वस्तू दाखवा म्हणू शकतो. परतावा मिळवून देणारी मधली संस्था आपलं शुल्क कापते, त्यामुळे कराचा पूर्ण टक्का हातात येत नाही. तो गृहीत धरून खरेदी करू नका.

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या दुकानांतून सोबत नेलेल्या वस्तूंवर १ जानेवारी २०२१ पासून हा परतावा बंद आहे. बिस्टर व्हिलेजला जाणाऱ्यांनी जुनी माहिती वाचून हिशोब मांडू नये. आणि स्वदेशात परतल्यावर सीमाशुल्काची मर्यादा ओलांडत असेल तर बिल हाताशी ठेवा, तिथे टॅगवरच्या खोडलेल्या किमतीऐवजी भरलेली किंमत दाखवायची आहे.

## १०. घरी आल्यावर, त्याच आठवड्यात

टॅग कापू नका. आधी प्रत्येक वस्तू घरच्या उजेडात, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या कपड्यांबरोबर घालून बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात. बूट घरात, स्वच्छ फरशीवर अर्धा तास घालून फिरा. बॅगेत तुमचं रोजचं सामान भरून खांद्याला लावा. जी वस्तू पटली नाही तिची बदलायची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये लिहा, आणि बिल, टॅग, खोकं एकाच पिशवीत ठेवून ती पिशवी दाराशी ठेवा.